पूल घेणारे ब्रिगेडियर

श्रीलंकेतल्या यादवीतून आपली फौज परतून दोन-तीन वर्षं झाली होती. बंगळूरच्या लालबागेत सकाळी मला एक निवृत्त ब्रिगेडियर भेटत. मूळचे कूर्गचे, पण सगळी नोकरी सातारा-कोल्हापूरकडच्या जवानांच्या मराठा पलटणीत काढलेली, त्यामुळे बोली जवानांचीच. एका बाकावर ते कधी टिकत नसत. बसायचे, उठायचे, छडीनं माती उकरायचे.

एकदा मी विचारलं, "माणसं मरणार हे ठाऊक असताना हुकूम कसा देता?"

"लंकेत एक पूल घ्याचा व्हता. किती पोरं जातील त्याचा अंदाज नकाशापुढं बांधला अन् हुकूम दिला. तेवढीच गेली. वरून शाबासकी आली, अंदाज बरोबर निघाला म्हणून." ते उठले. "चुकला असता तर झोप तरी लागली असती."

"आणि पूल?"

"पुढं सोडून आलो." मग त्यांनी विचारलं, "तुमचं गाव कंचं?"

"कोरेगाव, सातारा जिल्हा."

ते छडी उचलून तसेच चालू लागले. दुसऱ्या दिवसापासून मला पाहिलं की वाट बदलू लागले. पण वळण्याआधी थांबून मला कडक सॅल्यूट करत. तो कुणाला होता, हे कळत असे. माझा हात मात्र वर जात नसे.