फक्त उजवीकडे वळणारा लोडर

माझ्या मामाने लोडर विकत घेतला, असं म्हणणं तितकंसं बरोबर नाही. लोडर त्याच्या अंगणात बंद पडला आणि हळूहळू त्याचाच झाला.

मामा तीस वर्षं वाचनालयात बाइंडर होता. निवृत्त झाल्यावर घरामागची काटेरी झुडपं काढायला त्याने एक जुना लोडर भाड्याने बोलावला. रणगाड्याला असतात तसे दोन लोखंडी पट्टे, पुढे माणूस झोपेल एवढं बकेट, वर गंजलेलं छप्पर. अर्धी झुडपं निघाली, लोडरने काळा धूर सोडला आणि बरोबर मागच्या दाराला टेकून तो गप्प झाला. त्याचा मालक पहिला आठवडा रोज आला. दुसऱ्या आठवड्यात नुसता फोन आला. तिसऱ्यात आपण केलेला फोनही तो उचलेना. महिन्याने मात्र स्वतःच येऊन म्हणाला, "काका, तुम्हीच ठेवून घ्या. भंगाराच्या भावात देतो."

"आणि माझं दार?" मामीने विचारलं. महिनाभर ती कपडे वाळत घालायला अख्ख्या घराला वळसा घालून जात होती.

"दार तुमचंच आहे की, काकू," तो म्हणाला आणि गेला.

लोडरबरोबर एक माहितीपुस्तक मिळालं. तेलाने थबथबलेलं, पानं सुटलेली. दुसऱ्या कुणी आधी इंजिन उघडलं असतं. मामाने पुस्तक उघडलं. टीपकागदाने एकेक पान कोरडं केलं, शिवण घातली, पुठ्ठा चढवला, कोपऱ्यांना चामडं लावलं आणि पाठीवर सोनेरी अक्षरांत नाव छापलं. यात पंधरा दिवस गेले. मग तो वाचायला बसला आणि त्याच्या लक्षात आलं की हे पुस्तक चाकांवर चालणाऱ्या लोडरचं आहे. पट्ट्यांबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

"इंजिन मात्र तेच आहे," मामा म्हणाला. त्याचा स्वभाव असा की बुडत्या होडीतही तो पाण्याच्या नितळपणाचं कौतुक करेल.

इंजिन खरोखर तेच निघालं. टाकी धुतली, डिझेलची नळी बदलली, आणि एके दुपारी लोडर असा काही खोकला की दोरीवरचे पांढरे कपडे राखाडी झाले. लोडर चार हात पुढे सरकला, दार उघडलं, एवढ्यावर मामीने कपडे माफ केले.

एकच खोट राहिली. वळायला दोन दांडे होते. उजवा ओढला की लोडर उजवीकडे वळायचा. डावा ओढला की सरळ जायचा. मिस्त्री म्हणाला, "आतलं सगळं उघडावं लागेल. सुटा भाग यायला दोन महिने."

"मग डावीकडे जायचं असेल तर?"

"उजवीकडून जा," मिस्त्री म्हणाला. तो चेष्टा करत होता. मामाने ते लिहून घेतलं.

इथे माझी चूक झाली. मी शाळेत गणित शिकवते. शाळेमागचं मैदान झुडपांनी गिळलं होतं, क्रीडास्पर्धा तीन आठवड्यांवर आल्या होत्या, आणि मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, लोडरवाला शोधत होत्या. मी अभिमानाने म्हणाले, "माझ्या मामाचा आहे."

ट्रकवरून लोडर उतरला आणि मामा कामाला लागला. झुडपं उपटत सरळ रेषेत जायचा, टोकाला पोचला की डावीकडच्या ओळीत यायला जागच्या जागी उजवीकडे पाऊण गिरकी घ्यायचा. मोठ्या बाई कठड्याशी उभ्या होत्या. थोड्या वेळाने त्यांनी मला हळूच विचारलं, "तुमचे मामा मधूनमधून नाचतात का?"

"वळतायत, बाई."

"एवढं?"

तिसऱ्या दिवशी अशाच एका गिरकीत डावा पट्टा उतरला. लोडर लंगडा होऊन मैदानाच्या कडेला कलला. माझ्या वर्गाच्या खिडकीतून तो पुरेपूर दिसायचा. मी फळ्यावर वर्तुळाचा परीघ शिकवत होते आणि पोरं कुणाकडे बघून हसतायत ते मला माहीत होतं.

मामाने पहार घेऊन दोन दिवस झटापट केली. दुसऱ्या दुपारी मामी डबा घेऊन आली. तिने लोडरभोवती एक फेरी मारली, खाली वाकली आणि म्हणाली, "अहो, पट्टा ताठ राहायला आत ग्रीस भरता ना तुम्ही?"

"रोज सकाळी भरतो."

"आणि ते रोज गळतं. घरी अंगणात डाग पडायचा, तो मीच घासायचे. कायम डाव्याच बाजूला. पट्टा सैल पडणार नाही तर काय?"

"पुस्तकात तसं काही…"

"पुस्तक चाकांचं आहे हो!"

मिस्त्री आला. मामीने बोट दाखवलं त्याच जागची रबरी कडी फाटलेली निघाली. ती बदलली. आता पट्टा चढवायचा तर एकाने खाली उभं राहून पहारीने तो दात्यांवर बसवायचा आणि दुसऱ्याने लोडर तसूतसूने पुढे घ्यायचा. मिस्त्री आणि मामा पहारीला लागले. वर बसायला उरलं कोण?

"अगं, मी सांगेन तेवढंच," मामा म्हणाला. "मी थांब म्हटलं की थांबायचं."

मामीने पदर खोचला आणि वर चढली. खट्, खट्, खट् करत पट्टा बसला. मामा ओरडला, "थांब!"

मामी थांबली नाही.

"अगं, थांब!"

"उजवीकडेच वळतो ना हा?" ती वरून ओरडली. "मग गिरक्या कशाला घेता? कडेकडेने गोल फिरत आत यायचं! अंगण झाडतात तसं!"

आणि तिने मैदानाला फेरी घातली. कुंपणाला धरून, प्रत्येक वळण उजवं, प्रत्येक वळण संथ. दुसरी फेरी पहिलीच्या आतून. मामा पहार घेऊन मागून धावत होता, आधी थांबवायला, नंतर नुसतंच बघायला. मी वर्गात खडू हातात घेऊन उभी होते. मुलं बाकांवर चढली आणि मी त्यांना उतरवलं नाही, कारण मी स्वतः खुर्चीवर चढले होते.

दोन दिवसांत मैदान मोकळं झालं. शेवटचं खोड अगदी मधोमध होतं. मामीने बकेट त्याच्या मुळाशी घातलं, दोनदा हिसका दिला आणि ते दात उपटावा तसं वर आलं. मोठ्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर मामी थरथरत होती.

"भीती वाटली?" मी विचारलं.

"छे गं, मशीनच हलतं तसं," ती म्हणाली. मग खोचलेला पदर सोडवत म्हणाली, "मला गाडी चालवायला शिकायचं होतं. तीस वर्षं हे म्हणत होते, बघू."

मामाने ते ऐकलं. पहारीची माती पुसत तो म्हणाला, "चुकलंच माझं. पण बघ, थेट लोडरच दिला."

आता लोक मामीलाच बोलावतात. सुटा भाग आला, डावा दांडा चालू झाला, तरी ती कडेने गोलच फिरते. डिझेल कमी लागतं म्हणते. ग्रीस, तेल, नटबोल्ट सगळं मामाकडे, आणि पट्ट्यांच्या देखभालीचं एक पुस्तक तो स्वतःच्या हाताने लिहितोय. परवा त्याच्या फोनवर कुणाचा तरी आवाज आला, "लोडरवाले काका का?"

"काकू," मामा म्हणाला. "त्या कामावर गेल्यात. तुमचं किती रान आहे ते सांगा, मी लिहून ठेवतो."