घैसास घालणे

आमच्या कसबा पेठेत कोणी गोष्ट फुगवून सांगू लागला की ऐकणारा म्हणे, "पुरे, घैसास फार झाला." तेलीसुद्धा गिऱ्हाइकाला सांगे, "घैसास न घालता सांगतो, तेल आजचंच आहे." ज्यांच्या आडनावाची ही अशी चटणी झाली होती, ते आबा घैसास माझे शेजारी.

आबा बखर लिहीत. जन्मात लढाई पाहिलेली नाही, पण मोहिमेवरून कोणी परतला की त्याला जेवायला बोलावत आणि त्याच्या पानासमोर कागद-बोरू घेऊन बसत. "मग पुढे?" एवढेच विचारत. पुरणपोळीवर तुपाची धार पडली की शत्रूची फौज वाढे, दुसऱ्या पोळीला हत्ती येत. आबा सगळे लिहून घेत.

मी एकदा म्हणालो, "आबा, कालच्या त्या शिपायाने खंदक पोहून पार केला म्हणे. त्या गढीला खंदकच नाही."

"नसेल. पण तो तिथे होता, मी घरी होतो."

हे त्यांचे ठरलेले उत्तर. असा बखरकार आणि असे उत्तर, म्हटल्यावर पेठ थोडीच सोडते! आबांना त्याचे काही वाटत नसे. पण मुलीचे, गोदाचे, लग्न जुळवायची वेळ आली आणि त्यांची झोप उडाली. "ज्या आडनावाला बाजारात हसतात, त्या घरची मुलगी कोण करील हो?" असे ते मला रोज विचारू लागले. मला त्यांची फार दया येई, आणि हसूही येई.

शेवटी मीच वाईच्या नारोपंतांच्या मुलाचे स्थळ आणले. नारोपंत धाकट्या भावाला घेऊन पुण्यात आले आणि नेमका त्या तेल्यालाच पत्ता विचारून बसले. आबांच्या ओसरीवर आले ते कपाळाला आठ्या घालूनच.

आबा म्हणाले, "मुलगी सुगरण आहे."

"यात घैसास किती?" नारोपंतांनी विचारले.

आबांचा चेहरा पांढराफटक पडला. मी खांबाकडे पाहू लागलो. मग आबांच्या तोंडून सवयीचेच निघाले, "आपण स्वारीत होता म्हणे?"

"दादा, ते नको," धाकटा भाऊ घाईघाईने म्हणाला.

पण आबांनी कागद ओढला होता. नारोपंतांनी एकदा पूर आलेली नदी घोड्यावरून ओलांडली होती, आणि घरात त्यांना ती कोणी पुरती ओलांडू देत नसे. आज पहिल्यांदाच वाट मोकळी मिळाली. पाणी आधी घोड्याच्या गुडघ्याला होते. "मग पुढे?" पाणी खोगिराला लागले. "मग पुढे?" घोड्याचे नुसते कान दिसू लागले. आबांचा बोरू थांबेना.

"दादा, पाण्यात घैसास फार झाला," भाऊ म्हणाला.

नारोपंत चपापले. मग असे हसू लागले की पगडी मांडीवर आली. डोळे पुसत म्हणाले, "घैसास, लग्न ठरलं. आता मला पलीकडच्या तीराला पोहोचवा." मुलगी दाखवायची राहून गेली आहे, हे कोणाच्या लक्षातही आले नाही.

आबा पुढे काही वर्षांनी तापाने गेले. त्यानंतर कामानिमित्त मी वाईला गेलो, तेव्हा गोदाकडे उतरलो. नारोपंत आता थकले होते, तेच तेच बोलत. स्वयंपाकघरातून गोदाच्या सासूबाई म्हणाल्या, "गोदा, भाकरी मी बघते. तू जा, त्यांच्याजवळ जरा घैसास कर."

मी चमकलो. "म्हणजे काय गं?"

"इकडे सगळेच म्हणतात, काका. म्हणजे शेजारी बसायचं आणि मध्ये बोलायचं नाही." ती पदराला हात पुसत सासऱ्यांपाशी जाऊन बसली. मला भरून आले.

पुण्याला परतल्यावर मी हा वाईचा अर्थ पेठेत सगळ्यांना सांगितला. कोणालाही पटला नाही. तेली म्हणाला, "अहो, किती घैसास घालाल?"

आबा असते तर त्यांनी लिहून घेतले असते.