शिलेदार सिरीयस आहे

नुसते नियम वाचून माणसं मारता येत नाहीत, हे मला कोणी आधी सांगितलं असतं, तर हा खेळ मी ताडकळसला आणलाच नसता. खेळ तसा साधा. प्रत्येकाने कागदावर एक माणूस रचायचा, त्याची ताकद, अक्कल, हत्यारं लिहायची. एकाने गोष्ट चालवायची आणि कुठे अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. गोष्ट चालवणारा मी. माझं झेरॉक्सचं दुकान, त्यामुळे कागदही माझे आणि सगळ्यांची बोलणी खायलाही मीच.

खेळणारे तिघं. एक औषधाच्या दुकानात कामाला, एकाच्या घरी मेंढरं, आणि तिसरा माझा शाळेपासूनचा दोस्त. हा दिवाळी झाली की बायकोला घेऊन ऊसतोडीला जातो, तो गुढीपाडव्याच्या सुमारास परत येतो. बाकीच्यांनी अर्ध्या तासात आपापली माणसं रचली. हा दोन रविवार लिहीत बसला. त्याचा शिलेदार, शिलेदाराचं गाव, आई, घोड्याच्या खोडी, सगळं.

पहिली दोन वर्षं कोणी मेलं नाही, कारण मी मरू दिलं नाही. एक पुठ्ठा उभा करून मी त्याच्याआड फासा टाकायचो आणि वाईट पडला की बोटाने फिरवायचो. एकदा मेंढरंवाल्याला खरं सांगून पाहिलं, की तुझा माणूस विहिरीत पडून मेला. तो चहा अर्धा ठेवून उठला आणि आठवडाभर दुकानासमोरून तोंड फिरवून जात राहिला. शेवटी मलाच त्याच्या माणसाला विहिरीतून जिवंत काढावं लागलं. मग काय, सगळे खुशाल आगीत उड्या घ्यायला लागले. हा काही आपल्याला मारत नाही, हे त्यांना पक्कं कळलं होतं. माझं डोकं उठायचं.

गेल्या हिवाळ्यात ठरवलं, आता बास. फासा उघड्यावर टाकायचा, पडेल ते पडेल. दोस्त तेव्हा उसाच्या फडात होता. आदल्या साली तो गेल्यावर आम्ही शिलेदाराला घरी बसवलं होतं, ते त्याला आवडलं नव्हतं. म्हणून या खेपेला जाताना त्याने कागद माझ्या हातात दिला होता. "ह्याला घरी बसवू नका. तुमीच खेळवा, पर संभाळा."

त्या रविवारी गोष्टीत नदी आली. पाणी किती खोल आहे ते बघायला पुढे कोणाला घालायचं? दोघांनी एका तोंडाने शिलेदाराचं नाव घेतलं. भांडायला त्याचा मालक समोर नव्हता ना. मी फासा टाकला. एक पडला, म्हणजे सगळ्यात वाईट. शिलेदार वाहून गेला. "नियम म्हंजी नियम," औषधवाला म्हणाला. दोन वर्षांत त्याला नियम पहिल्यांदाच आठवला. मला मात्र त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं, याची आज लाज वाटते.

आता दोस्ताला कळवायचं कसं? तोडीला गेलेल्या माणसाला आमच्याकडे फोनवर कोणी 'गेले' असं सांगत नाही. 'सिरीयस हायत, निघून ये' एवढंच सांगतात. मीही तेच केलं. दुपारी फोन लावला आणि म्हणालो, "तुझा शिलेदार सिरीयस हाय. नदीत पडलाय."

पलीकडे ट्रॅक्टर चालू होता. तो म्हणाला, "सिरीयस म्हंजी गेलाच की. माझ्या आज्याच्या टायमालाबी मला असंच सांगितलं. मी येईपतूर माती झाल्ती."

त्याने फोन ठेवला. मी त्याच्यावर चिडलो. कागदावरच्या माणसासाठी आजोबा कशाला काढायचे? मग त्या दोघांवर चिडलो. स्वतःवर चिडायला बराच वेळ लागला.

पाडव्यानंतर तो आला. दोघांनी तोवर तोड काढून ठेवली होती, की शिलेदार पुढच्या गावात कोळ्यांना सापडला, जिवंत आहे. मी तसं सांगायला सुरुवात केली. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"मेल्याला उठवू नको. कसा मेला ते सांग."

मी सांगितलं. नदी, त्याला पुढे कोणी घातलं, फासा, एक. दोघं खाली बघत होते. तो सगळं ऐकून घेत पुठ्ठ्याकडे बघत होता.

"तू बोटानं फासा फिरवतूस ते मला पयल्यापासून ठावं हाय," तो म्हणाला. "मी हितं बसलेलो असतो, तर फिरवला असतास का?"

खोटं बोलणं सोपं होतं. दोन वर्षं तेच तर करत होतो. मी म्हणालो, "हो."

"मंग वर्षातलं सहा महिनं माझा माणूस मरायला मोकळाच की," तो म्हणाला.