नेलपॉलिशचा ठिपका

"पर्स उलटी कर."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाला म्हणत्यात. पण ओसरीवर दुसरं कुणी नव्हतंच. वकीलसाहेब झोपाळ्यावर, त्यांची बायको दारात, आणि मी एका पायात चप्पल घालून दुसरी शोधत. काम संपवून निघाले होते. चहा प्यायले नव्हते, कारण कुणी इचारलाच नव्हता.

"ऐकू नाही आलं का? इथंच, फरशीवर."

केली उलटी. रुमाल पडला, एसटीचा पास, भाकरीचं रिकामं फडकं, स्क्रू-ड्रायव्हर, कंगवा. आणि महिन्याच्या दिवसांत बाईमाणसाच्या पर्शीत जी कापडाची घडी असती, तीबी पडली. वकिलीणबाईंनी ती पायाच्या अंगठ्यानं बाजूला सारली, खाली काय दडवलंय का बघितलं. वकीलसाहेबांनी मान वळवली, बागेकडं बघायला लागले. तेवढी लाज त्यांना होती. मी खाली बसून सगळं गोळा केलं.

"जा आता," बाई म्हणाल्या.

हे इंदापुरातलं. नव्वद साल उलटून बरीच वर्षं झालेली, कॉम्प्युटर नुकते बड्या घरांत शिरायला लागलेले. मी बारामतीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात कामाला होते. गाव पणदरे. आमी धनगर. माझा आजा, त्याला आमी आबा म्हणायचो, जन्मभर मेंढरं घेऊन हिंडला. बापानं मेंढरं मोडून ऊस धरला. आणि मी स्क्रू-ड्रायव्हर धरला. घरात कुणाला ते धड कळायचं न्हाय, पण "आमची पोर मशीन दुरुस्त करती" म्हणून आई बाजारात चार बायांना सांगायची.

दुकानात मी झाडण्यापासनं टायपिंगपर्यंत सगळं करायची, पण माझा सगळा जीव रिपेरिंगच्या टेबलात. दुकानाच्या मालकांना आमी सर म्हणायचो. सर म्हणाले होते, "बाहेरची कामं कर. एक तक्रार येऊ देऊ नकोस. मग टेबल तुझं." घरी बापाचं वेगळंच. कुणी बोट दाखवलं की त्या दिवशी काम बंद, आणि मग सोयरीक. एकीकडं टेबल, दुसरीकडं सोयरीक, आणि मधी ती तक्रार. त्या शब्दाला मी सापापरीस जास्त भ्यायची.

वकीलसाहेबांचा कॉम्प्युटर जुना. पोरगा पुण्याला इंजिनिअरिंगला, सुट्टीत येऊन गेम लावायचा, आणि पडद्यावरचं चित्र अडकत अडकत चालायचं. म्हणून आधी मेमरी, म्हंजी रॅम, वाढवायची, मग पुढच्या खेपेला डिस्प्ले कार्ड बदलायचं, असं ठरलेलं. मी पहिल्या खेपेला मेमरी घेऊन गेले होते.

गेल्या गेल्या नाव, आडनाव, गाव इचारून झालं. त्यावरनं माणूस कुठला ते त्यांना बरोब्बर कळलं. मग मी कॅबिनेट उघडलं, तर आत सगळीकडं लाल ठिपके. मदरबोर्डावर, हार्ड डिस्कवर, जुन्या रॅमवर.

"नेलपॉलिश आहे," वकीलसाहेब मोठ्या कौतुकानं म्हणाले. "तुम्ही लोक पार्ट बदलता. आता बदलून दाखवा. नव्या रॅमवर पण आधी ठिपका, मगच बसवायची."

बाईंनी बाटली आणली, ठिपका दिला, फुंकर घालून वाळवला.

"तुमच्यात मेंढरांना रंग लावतात ना, खुणेला? तसंच." साहेब हसले. मीबी हसले. अंगात आग लागली होती आणि तोंड हसत होतं.

रॅमची पट्टी तिरकी घालून उभी केली की टक् करून बसती. बसली. चालू केल्यावर पडद्यावर मेमरीचा आकडा चढत गेला, आधीपेक्षा वर गेला, सगळ्यांनी बघितला. जुन्या पट्ट्या मी त्यांच्याच हातात दिल्या. तरी पर्स उलटी कर.

सरांना सांगितलं. ते बिलं फाडत होते, वर बघितलंसुद्धा न्हाय. "आपलं काय जातंय? दाखवायची. गिऱ्हाइकाचं समाधान. सगळ्यांनाच दाखवावी लागते."

सगळ्यांनाच, म्हटल्यावर मला जरा हलकं वाटलं.

घरी आबाला सांगितलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. तो म्हणाला, "दावलीस न्हवं? मग झालं. मिटलं."

आबाचं खरं होतं, त्याच्या परीनं. खतासाठी रात्री मेंढरं कुणाच्या रानात बसवली, की सकाळी निघताना आबा रानमालकापुढं आपलं घोंगडं झटकायचा. कुणी सांगितलेलं नसायचं. दोन्ही हातांनी धरून, उलटंपालटं करून, फडाफडा. गावात कुणाची कोंबडी हरवू दे, कुणाचा तांब्या हरवू दे, माणसं आधी आमच्या वाड्यावर, म्हंजी मेंढरांच्या मुक्कामावर, यायची. म्हणून इचारायच्या आधीच झटकायचं. मी लहान असताना त्याच्या शेजारी उभं राहून माझा परकर झटकायची. खेळ वाटायचा मला तो. आई हसायची न्हाय, एवढं आठवतं.

मग एक दिवस दुकानात सुहासला इचारलं. सुहास त्याच दुकानात कामाला, बारामतीतल्याच चांगल्या घरातला, मनानं सरळ. म्हटलं, "तू वकिलांकडं गेलतास की. तुझी बॅग कशी बघितली रं?"

"बॅग?" त्याला कळंचना. "कशाला बघतील? प्रिंटर बसवला, पोहे खाल्ले, आलो. बॅग ओसरीवरच पडली होती."

"दुसऱ्या कुठं? कधीच न्हाय?"

"नाही बा. कोण कशाला बघंल?"

मी टेबलापाशी गेले, उगंच स्क्रू निवडत बसले. सगळ्यांना न्हाय, मलाच. सर माझ्याशी धडधडीत खोटं बोलले होते. आणि माणूस एक खोटं बोलला, की त्याचं मागचं सगळं बोलणं आपण उकरून बघायला लागतो. पंपाच्या मागची वस्ती, पाटलांचा बंगला, वकीलसाहेब, जिथं जिथं संशयी माणसं, तिथं सर मलाच का धाडत होते? सुहास माझ्याआधीपासनं कामाला. त्याला का न्हाय?

उत्तर मला वकीलसाहेबांच्याच घरी मिळालं.

डिस्प्ले कार्ड घेऊन गेले. पाकिटाला सरांनी स्वतः चिकटपट्टी लावून दिलेली. "गिऱ्हाइकापुढंच फोड," म्हणालेले. वकीलसाहेबांनी आधी बॅटरी घेऊन कॅबिनेटमधले सगळे ठिपके तपासले. जागच्या जागी होते. खूश झाले. बाईंनी बाटली हलवायला घेतली. मी पाकीट फोडलं.

कार्डाच्या खालच्या सोनेरी पट्टीवर ओरखडे. कुठल्या तरी मशीनमधी घातल्या-काढल्याशिवाय ते पडत न्हाईत. चिपेच्या कडंला धुरळा चिकटलेला. पाकीट नवं, कार्ड वापरलेलं. डोक्यात लख्ख उजेड पडला. उद्या हे बिघडलं, तर वकील म्हणणार पोरीनं वाटेत बदललं. सरबी मान डोलावणार. कुणाला काय पटवून द्यायचीसुद्धा गरज न्हाय. पणदऱ्याची धनगराची पोर, लोकांनी निकाल आधीच देऊन ठेवलेला.

गप बसता आलं असतं. बसवलं असतं, पर्स दाखवली असती, टेबल मिळालं असतं.

"साहेब, हे कार्ड जुनं हाय," मी म्हटलं. "मी बसवणार न्हाय."

वकीलसाहेबांनी कार्डाकडं बघितलंच न्हाय. माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे बदललंस. नवं कुठं ठेवलंस?"

खरं बोलल्यावर दोन श्वास गेले नसतील, मी चोर झाले होते. त्यांनी सरांना फोन लावला. सरांचा आवाज मुळातच मोठा, मला खुर्चीवर बसून ऐकू येत होता. "मी नवंच दिलंय साहेब. पोरगी नवीन आहे. तुमच्या पद्धतीनं बघून घ्या."

तुमच्या पद्धतीनं.

"पर्स उलटी कर," बाई म्हणाल्या आणि हात पुढं केला.

मी पर्स छातीशी धरली. "हात लावायचा न्हाय."

"काय म्हणालीस?"

"तुमी वकील हायसा साहेब. झडती कशी घेत्यात तुमाला ठाऊक हाय. पोलीस बोलवा. दोन पंच बोलवा, त्यात एक बाई पायजे. पंचनामा लिवा. वर माझं नाव लिवा, खाली तुमची सही करा. मग उघडते. न्हायतर उठा, ठाण्यात चला, मी चालत येते." आवाज माझा मलाच अनोळखी वाटला.

"फार शहाणी झालीस!" बाई ओरडल्या.

सही करायची म्हटल्यावर वकीलसाहेबांनी बायकोचा हात धरून मागं घेतला. मी कार्ड पाकिटात घातलं, टेबलावर ठेवलं, कॅबिनेट उघडंच टाकलं आणि बाहेर पडले. कुणी अडवलं न्हाय. स्टँडवर बारामतीची गाडी लागलेली होती. बसल्यावर रडू आलं, ते काय थांबंना. शेजारच्या म्हातारीनं पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला आत बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज एकदम मऊ.

"वकिलांना फोन लाव. चुकलं म्हण, एवढंच. मग उद्यापासनं टेबलावर बस."

"कार्ड जुनं होतं का न्हाय, ते सांगा आधी."

"अगं, धंद्यात सगळेच करतात. तू एक शब्द बोललीस तर आपलं काय जातंय?"

"तुमचं काय जात न्हाय, सर. माझं जातं."

दार उघडून बाहेर आले. टेबलावर एक मशीन उघडं पडलं होतं, अर्धवट. मी त्याच्याकडं बघितलं. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? सुहासनं मान खाली घातली होती. मी माझा स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि पायऱ्या उतरले.

तक्रार माझ्याआधी पणदऱ्यात पोचली होती. बापानं थोबाडीत मारली. आबा म्हणाला, "दावायची होतीस की पोरी. आपल्या बापजाद्यांनी हेच केलं." मी पहिल्यांदा त्याला उलटं बोलले, "म्हणूनच त्यांना अजून चोर म्हणत्यात." तो उठून गोठ्याकडं गेला. माझ्याशी बोलणं सोडलं त्यानं, आणि मला त्याचं दुःख हाय. पण शब्द मागं घेतला न्हाय.

सोयरीक आली, ती मी मोडली. रिपेरिंगचं काम मी परत धरलं, माझ्या नावानं, आणि जिथं जाते तिथं दारातच सांगते. मी चोर न्हाय हे दाखवत बसणं माझं काम न्हाय. ज्याला संशय असंल त्यानं तो कागदावर लिवावा, खाली सही करावी, आणि शाबीत होईपर्यंत माझ्याशी नीट बोलावं.