थांबणारं इंजिन

आमच्या घरात इंजिनातलं कळतं ते मलाच, असं मी साठी उलटेपर्यंत धरून चाललो होतो. का नाही धरणार? चांदनी गावात खोली घेऊन राहिलो, तिथून रोज सायकल मारत कागदाच्या कारखान्यात गेलो, फिटर म्हणून लागलो आणि फिटर म्हणूनच रिटायर झालो. घरातला मिक्सर बंद पडला तरी बायको मलाच हाक मारायची. त्यामुळे तिच्या सायकलला इंजिन बसवायची वेळ आली, तेव्हा ते कसलं असावं हे तिला विचारायचं माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

रिटायर झाल्यावर आम्ही फोपनारला आलो, म्हणजे तिच्या माहेरी. म्हातारपणी घरजावई झालो म्हणून गावानं मला पोटभर चिडवून घेतलं. तिच्या आईनं जाण्याआधी केळीचं शेत हिच्या नावावर करून ठेवलं होतं, आणि हिनं ते कुणाला न देता स्वतः करायला घेतलं. सकाळी भाकरी बांधून सायकलवर निघायची. ठिबकच्या नळ्या बघायच्या, झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायची, माणसं लावायची, त्यांच्याशी भांडायचं, सगळं तीच. मी गेलो तर मला सावलीत बसवून चहा पाजायची, म्हणजे मी मधे मधे करू नये.

मग तिचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरनं सांगितलं, सपाटीवर थोडं चाला, पण पायडल मारणं बंद. शेत तीन किलोमीटरवर. मी म्हटलं, स्कूटी घेऊ. तर वाटेत पाण्याची मोठी पाइपलाइन उघडी पडलेली आहे, गुडघ्याएवढी उंच, तिथं सायकल उचलूनच पलीकडे टाकावी लागते. स्कूटी कोण उचलणार, तुम्ही रोज येणार का, असं तिनं विचारलं आणि विषय मिटला. सडकेनं जायचं तर केळीच्या ट्रकांमधून जावं लागतं, त्याला ती तयार नव्हती. कुणाच्या गाडीवर मागे बसून जायचं तर त्याच्या वेळेवर जावं लागणार, त्यालाही नाही.

आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे ते गृहस्थ बरीच वर्षं आमचं शेत करायला मागत होते. आमच्याकडे असले व्यवहार आखाजीला ठरतात. अक्षय्य तृतीयेच्या दिवशी नारळ फुटला की वर्षभर शेत त्याचं. माणूस वाईट नाही. पण एकदा त्यांच्या हातात गेलेलं शेत सहसा परत येत नाही, हे गावात सगळ्यांना माहीत. तिनं मला सरळ सांगितलं, आखाजीपर्यंत माझी मी शेतात जायला लागले तर शेत मी करीन, नाही तर त्यांना देईन. एवढं बोलून ती भांडी घासायला बसली, पण तिचा चेहरा मला बघवला नाही.

मी कामाला लागलो. बुऱ्हाणपूरला जाऊन पाणी ओढायचं एक छोटं पेट्रोल इंजिन उचलून आणलं. काय देखणं इंजिन! त्याचा वेग बांधलेला असतो. ओझं वाढलं की ते आपणहून जास्त पेट्रोल घेतं आणि वेग पडू देत नाही. आता मी जन्म घालवला कागदाच्या मशीनवर. तिथं एक रोलर जरा मंदावला की ताणलेला कागद फाटतो, भोंगा वाजतो आणि सगळे पळत सुटतात. वेग पडू न देणारं यंत्र म्हणजे माझ्यासाठी देवच. ते मी तिच्या सायकलच्या कॅरिअरवर बसवलं, मागच्या चाकाला पट्टा जोडला आणि सगळ्या गल्लीला दाखवलं.

पहिला मीच बसलो. शेताच्या वाटेनं गाडी अशी निघाली की मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. वळण आलं, मी ब्रेक दाबला. ब्रेक दाबला म्हणजे ओझं वाढलं, नाही का? इंजिनानं त्याचं काम चोख केलं, जास्त पेट्रोल घेतलं आणि मला पुढं ढकललं. मी आणखी दाबला, त्यानं आणखी ढकललं. शेवटी बांधाजवळ रचलेल्या केळीच्या वाळक्या पानांच्या ढिगात मी सायकलसकट घुसलो. वर इंजिन घुर्र घुर्र चालूच.

ती मागून हळूहळू चालत आली. हसली नाही, हे तिचे उपकार. इंजिन बंद केलं, माझ्या डोक्यातला पाचोळा काढला आणि म्हणाली, "पाणी उपसायला चांगलं आहे. पण मला थांबता आलं पाहिजे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, तुला काय कळतं इंजिनातलं. दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते बांधाचे शेजारी भेटले. त्यांनी विचारलं, काय ठरतंय? आणि मी रागात म्हणून बसलो, नारळ घेऊन या, तिच्यानं आता होत नाही. शेत तिचं, गुडघा तिचा आणि शब्द देऊन आलो मी. घरी येईपर्यंत राग उतरला होता, पण तिला सांगायची हिंमत झाली नाही. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुसऱ्याच सकाळी ती म्हणाली, चला, एक गंमत दाखवते. शेतापर्यंत आम्ही बसत उठत, रमतगमत चालत गेलो. तिथं तिनं लावलेला माणूस पाठीवरच्या मशीननं केळीच्या ओळींमधलं गवत कापत होता. छोटं इंजिन पाठीवर, हातात लांब दांडा, टोकाला फिरतं पातं. तिनं ते त्याच्याकडून मागून घेतलं आणि गुडघ्याला पट्टी बांधलेली असताना स्वतःच्या पाठीवर चढवलं. खटका दाबला, पातं फिरलं. खटका सोडला, पातं थांबलं. इंजिन मात्र पाठीवर हळू आवाजात चालूच होतं. परत दाबलं, परत सोडलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "हे ऐकतं."

मी बघतच राहिलो. अख्ख्या फोपनारात ही मशीनं फिरतात, मी रोज त्यांचा आवाज ऐकतो, पण हात सुटल्यावर पातं थांबतं आणि इंजिन थांबत नाही, याचा मी कधी विचार केला होता? त्या माणसाच्या हातापाया पडून मी मशीन तिथंच बांधावर उघडलं. आत बारकासा क्लच. दोन चिमुकले तुकडे स्प्रिंगनं आवळून धरलेले. वेग वाढला की ते बाहेर फाकतात आणि बाहेरची वाटी पकडतात. वेग कमी झाला की वाटी सोडून देतात. ज्यानं कुणी हे बनवलं त्याला मनापासून हात जोडले. आणि जिनं ते नुसतं बघून ओळखलं तिला जोडायला हवे होते, तर तोंडातून निघालं, हं, बरं आहे.

बुऱ्हाणपूरच्या लालबागला तसल्या मशीनांचं दुकान आहे. यावेळी तीही आली. दुकानदारानं आधी मोठं टू-स्ट्रोक दाखवलं. काका, ये तो भागेगी, असं मलाच सांगत होता. मोहात पडलो, खोटं कशाला बोलू. तिनं ते एका हातानं उचललं, खाली ठेवलं. मग शेजारचं धाकटं फोर-स्ट्रोक उचललं, आणि ते तसंच हातात धरून दुखऱ्या पायावर भार देऊन उभी राहिली. पेट्रोलमधे तेल मिसळायची भानगड नाही, धूर कमी, हे सगळं मी नंतर सांगितलं. तिचं आधीच ठरलं होतं. दुकानदार म्हणाला, बहनजी, ताकद कम है इसमें. तर ही म्हणते, "मेरेको उचलना पडता है, भैया." त्यानं बिलबुक काढलं.

बाकीचं काम माझं, आणि ते मी जीव ओतून केलं. एवढं छोटं इंजिन सरळ चाकाला जोडलं तर चाक हलणारसुद्धा नाही. म्हणून मधे एका दांड्यावर एक मोठी, एक लहान अशा दोन चक्र्या बसवून चेन दोन टप्प्यांत घेतली, म्हणजे वेग कमी होऊन जोर वाढला. दोनदा चेन उतरली, एकदा वेल्डिंग सुटलं. ती रोज येऊन बघायची, उचलून बघायची आणि म्हणायची, ही पट्टी कशाला, ही काढा, वजन वाढतंय. मी काढायचो. कारखान्यात साहेबाचं ऐकलं नसेल एवढं ऐकलं. आणि खरं सांगायचं तर प्रत्येक वेळी तिचंच बरोबर निघालं.

आखाजीच्या दिवशी सकाळी ती पहिल्यांदा एकटी निघाली. मी पुढं जाऊन पाइपलाइनपाशी उभा राहिलो, म्हटलं हात लावू. गाडी आली, तिनं खटका सोडला, गाडी थांबली. मी पुढं झालो तर मानेनंच नको म्हणाली. आधी पुढचं चाक पाइपवर, मग मागून एक हिसका, आणि सायकल पलीकडे. मग बसली, दाबलं आणि केळीत दिसेनाशी झाली. मी तिथंच उभा. डोळ्यांत पाणी आलं, आणि घरी कोण येऊन बसणार आहे ते आठवून घराकडे वळलो.

ती परत आली तेव्हा शेजारी ओट्यावर बसले होते, हातात नारळ. मी खाली मान घालून उभा. त्यांनी मोकळेपणानं सांगितलं, जावईबापूंनी बोलावलं म्हणून आलो, त्यांनी शब्द दिलाय. मला वाटलं, आता आकाश कोसळणार. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी मरेपर्यंत विसरणार नाही. मग सायकल स्टँडवर लावली आणि त्यांना पाणी दिलं.

"शब्द ह्यांनी दिला, भाऊ," ती म्हणाली. "शेत माझं आहे. ते मी करतेय."

ते गृहस्थ गोरेमोरे झाले, नारळ पिशवीत घालून उठायला लागले. तिनं त्यांना बसवलं, जेवल्याशिवाय जायचं नाही म्हणाली, सणाचा दिवस आहे. आणि पिशवीतून नारळ काढून माझ्या हातात दिला. आणलाच आहे तर गाडीपुढं फोडा म्हणाली. मी फोडला. तिनं खोबऱ्याचा पहिला तुकडा त्यांना दिला, दुसरा इंजिनावर ठेवला आणि मला काहीच न देता पुरणपोळी लाटायला आत गेली.