मामलेदाराच्या उजवीकडची वाट

बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात कुणी सहज जरी म्हणालं, "आपलं नाव?" तर माझं डोकं सणकतं. बायको म्हणते, वयानं झालंय. वयानं नाही झालेलं. एकाहत्तरच्या डिसेंबरात झालंय, औंढ्याच्या डोंगरात, आणि त्यात नेहमीप्रमाणे माझा गाढवपणाही होता. म्हणून या मजकुरात नाव कुणाचंच येणार नाही. माझंही नाही.

तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी तिथं एका कचेरीत कारकून होतो, म्हणून सगळ्यांचा 'बाबू'. अंगानं काडी, तोंडानं तोफ. आम्ही तिघे दर रविवारी कडे चढायचो. कडे म्हणजे काही ढगात शिरणारे नव्हेत. औंढ्याहून जवळा बाजारकडे जाताना टेकड्यांच्या आत काळ्या दगडाची एक भिंत होती, शाळेच्या इमारतीवर अजून एक शाळा ठेवावी एवढी. गुरं चारणारे विचारायचे, "वर काय हाय?"

"काही नाही."

"मंग काहून चढता?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. आता गुडघे गेल्यावर तर मुळीच येत नाही.

तिघांत एक मास्तर. शाळेत कवायत शिकवायचा. हिमालयात जाऊन चढाईचा कोर्स करून आलेला, आणि त्याच्या बौद्धवाड्यातला पहिला पगारदार माणूस. चढाईचे सगळे कायदे त्याचे. दुसरा मिस्त्री, एस.टी.च्या डेपोत. गाडीच्या मोडक्या स्प्रिंगच्या पाट्यांतून ठोकून त्यानं आमच्यासाठी लोखंडी खुंट्या केल्या होत्या. दगडाच्या भेगेत मारायच्या आणि त्यातून दोर ओवायचा. दोर तो स्वतः दर वेळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून सरकवत तपासायचा, आई लेकराच्या डोक्यातल्या उवा बघते तसा. डेपोत तो अजून हंगामी होता. कायम होण्याची ऑर्डर महिन्याभरात यायची होती, आणि घरी आई आणि दोन बहिणी त्या ऑर्डरीवर डोळे लावून बसल्या होत्या. तिसरा मी. माझं काम बहुधा खाली बसून दोर धरण्याचं आणि बोलण्याचं.

मास्तरचे कायदे दोनच, पण कडक. दोर धरणाऱ्यानं दोर कमरेमागून घेऊन टाचा रोवून बसायचं आणि एक हात मरेपर्यंत सोडायचा नाही. आणि दोराची गाठ सोडायची ती शेवटचा माणूस खाली टेकल्यावरच, सगळ्यांनी एकदम. त्याआधी जो सोडेल तो आपला नव्हे.

मजेचाही एक रिवाज होता. नवी वाट जो पहिल्यांदा चढेल त्यानं माथ्यावरून तिचं नाव ओरडायचं. एका वाटेचं नाव मी 'मामलेदार' ठेवलं होतं: खालून फार मोकळीढाकळी दिसायची, वर गेल्यावर हाताला काही लागायचं नाही. मामलेदाराच्या उजवीकडची एक वाट तेवढी अजून कुणाला जमली नव्हती.

त्या रविवारी मास्तर त्याच वाटेवर होता. दोर माझ्याकडे. मिस्त्री बाजूला खडकावर बसून खुंटीला कानस मारत होता. लढाई जोरात होती, हिंगोलीत संध्याकाळी खिडक्यांना काळे कागद, आणि माझ्या तोंडाला मात्र ब्लॅकआउट नव्हता.

"मास्तर, चार दिवसांत ढाका पडतंय बघ!" मी खालून ओरडलो.

"बाबू, दोर बघ," वरून आवाज.

"अमेरिकेचं आरमार निघालंय म्हणे. येऊ दे! ढाक्याचं झालं की फौज इकडं वळवायची आणि लाहोर घ्यायचं."

"घेऊन काय करतो?" मास्तरचं तोंड दगडाला चिकटलेलं, तरी त्याला राहवलं नाही. "तिथं तुला वतन मिळणार हाय का? आमच्या वाड्यातले दोन पोरं हायेत फौजेत. तुझ्या गल्लीतलं कोण हाय?"

माझ्या गल्लीतलं कुणी नव्हतं. माझ्या गल्लीत फक्त रेडिओ होते. हरलेला माणूस तिसऱ्याकडे वळतो, तसा मी वळलो. "मिस्त्री, तू सांग. लाहोर घ्यावं का न्हाई?"

कानस थांबली.

"काहून? मलाच काहून विचारून राहिला?"

"सहज."

"सहज न्हाई." मिस्त्री उठून उभा राहिला. "डेपोत बातम्या लागल्या की सगळे रेडिओकडं न्हाई बघत, माझ्या तोंडाकडं बघतेत. किती हसायचं ते मापून हसावं लागतं मला. कमी हसलो तरी तकलीफ, जास्त हसलो तरी तकलीफ. माझा बाप हितलाच, आजा हितलाच, कबरी हितल्याच. एक रविवार सुटा होता, यार. तो बी तूच खाल्लास."

खरं तर इथं गप्प बसायचं. पण मला वाईट वाटलं, आणि मला वाईट वाटलं की मी हात हलवतो. "अरे, माझ्या मनात तसं काही नव्हतं," असं म्हणून मी माझं निर्मळ मन दाखवायला दोन्ही हात पसरले.

दोन्ही.

त्याच क्षणी मास्तरचा पाय सुटला. मास्तर ओरडला, मी ओरडलो, दोर माझ्या कमरेमागून सापासारखा सळसळत गेला. मिस्त्रीनं झेप घेऊन तो नुसत्या मुठीत धरला. पुरुषभर घसरून मास्तर थांबला, मिस्त्रीच्याच खुंटीला लोंबकळत. मिस्त्रीच्या तळव्याची कातडी दोराबरोबर गेली होती.

मग जी शिवीगाळ झाली ती मराठीत झाली, दखनीत झाली, आणि डोंगरात घुमून परत आमच्याच कानांवर आली. मला त्यातलं सगळं लागू होतं. मास्तर कसाबसा उतरला, आणि तेवढ्यात खालच्या गावातली वीस-पंचवीस माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन वर आली.

पुढे एक अडत्या. कापसाचा धंदा, डोक्यावर पांढरी टोपी, हातात शिट्टी. लढाई सुरू झाल्यापासून यानं गावचं रक्षण स्वतःकडे घेतलं होतं. ज्या गावात विजेचा खांब नव्हता तिथं यानं ब्लॅकआउट लावला होता. चिलीम पेटवली म्हणून एका म्हाताऱ्याच्या कानाखाली मारली होती. आता त्याला लोखंडी खुंट्या, हातोडा, दोर आणि रक्ताळलेला हात असं सगळं एकदम सापडलं. त्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"कोण तुमी? काय ठोकून राहिले डोंगरात?"

खरं सांगायचं तर एका वाक्यात संपत होतं. पण मला हुशारी सुचली. मी छाती काढून म्हणालो, "सरकारी काम आहे. मोजणी."

"मोजणीला साखळी असते," मागून एक जण म्हणाला. "आन् बाबूसाहेब हाफ चड्डीत मोजणी करतेत व्हय?"

लोक हसले. अडत्या हसला नाही. "नावं सांगा."

मी माझं सांगितलं. आडनाव ऐकताच त्याचा आवाज खाली आला. "असं होय. तुमी बाजूला बसा, साहेब." मास्तरनं सांगितलं. अडत्याचं तोंड आंबलं, पण लढाई त्या बाजूची नव्हती म्हणून त्यानं ते गिळलं. मग मिस्त्रीनं सांगितलं.

पाखरं बिखरं सगळं चालू होतं, माणसं तेवढी थांबली. आणि मग त्याच माणसांनी, ज्यांच्या गावाला रोज त्यानं दुरुस्त केलेली एस.टी. येत होती, त्याला पालथा पाडला आणि आमच्याच दोरानं त्याचे हात बांधले. ज्या दोरानं दहा मिनिटांपूर्वी त्यानं एक जीव वाचवला होता त्याच दोरानं.

"सरकारी कामात ह्यो काहून आला?" अडत्यानं मला विचारलं. माझी हुशारी अशी मिस्त्रीच्याच गळ्यात आली. मी म्हणालो, मोजणी खोटी, आम्ही नुसते चढतो. आता त्यावर कोण विश्वास ठेवणार?

"तुमी दोघं घरी जावा," अडत्या म्हणाला. "ह्याला चौकीवर देतो."

चौकीवर नाव चढणं म्हणजे काय हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. लढाईचे दिवस, हंगामी कामगार, असलं नाव, आणि वर पोलिसांची नोंद. ऑर्डर संपली. नोकरीही संपली.

मास्तर पुढे आला. मिस्त्रीच्या हातांपासून लोंबणारा दोर त्यानं उचलला, स्वतःच्या कमरेला गाठ मारली आणि खाली बसला. "शेवटचा माणूस उतरला न्हाई अजून," तो म्हणाला. "चला आता कुठं न्यायचं तिथं."

मग मीही बांधून घेतलं. शौर्यानं नव्हे, लाजेनं. गाठ तीनदा चुकली. पालथा पडलेला, तोंडात माती गेलेला मिस्त्री मान वर करून खेकसला, "उलटी मारलीस, गाढवा! सुटंल ती!"

त्या एका दोराला तिघे, असे आम्ही डोंगर उतरलो. गावात पारापाशी थांबलो तेव्हा मला कुणीतरी तांब्या दिला. मास्तरच्या ओंजळीत वरून ओतलं. मिस्त्रीला पाणी कुणीच दिलं नाही. मी माझा तांब्या त्याच्या तोंडाला लावायला गेलो, तर तांब्या देणाऱ्या बाईनं तो माझ्या हातातून ओढून घेतला. त्याच महिन्यात म्हणे आपण लोकांना जुलमातून सोडवत होतो. रेडिओ रोज सांगत होता.

कापसाच्या गाड्यांच्या रांगेमधून आम्हाला चौकीवर नेलं. गाडीवान बैल थांबवून बघत होते. जमादार जेवून पानाला चुना लावत होता. त्यानं अडत्याचं भाषण ऐकलं, खुंट्या उलट्यासुलट्या करून बघितल्या, आणि पहिल्याच मिनिटात त्याला कळलं की ही तीन येडी आहेत. तरी तो म्हणाला, "एवढे लोक आले म्हणल्यावर एक नाव तर घ्यावं लागंल." आणि दौतीकडे हात नेताना बघितलं ते मिस्त्रीकडे.

"एक न्हाई," मास्तर म्हणाला. "तीन घ्या. तिघं एका दोराला होतो."

जमादारानं माझ्याकडे बघितलं. मी कारकून. पोलिसात नाव गेलं तर साहेबाकडे कागद जाणार, खुलासा, बढती अडकणार, सासऱ्याला कळणार. हे सगळं माझ्या डोक्यातून गेलं, आणि ते जाताना मिस्त्रीनं बघितलं. तो नुसता बघत होता, डेपोतले लोक त्याच्या तोंडाकडे बघायचे तसा.

आणि मी भडकलो. कुणावर ते सांगता येत नाही. अडत्यावर, तांब्यावर, स्वतःवर. टेबलावर मूठ आपटून मी माझं नाव, बापाचं नाव, कचेरीचं नाव, हुद्दा, सगळं ओरडून सांगितलं. "लिहा! आधी माझं लिहा! दोर माझ्या हातातून सुटला, बोंब मी मारली, खोटं मी बोललो. लिहा की!"

जमादारानं लेखणी खाली ठेवली. सरकारी कारकून आणि सरकारी शाळेचा मास्तर यांची नावं घालायची म्हणजे वर दोन खात्यांना उत्तरं द्यायची. "जावा," तो म्हणाला. "आन् लढाई संपेस्तोवर डोंगरात जाऊ नका."

बाहेर आल्यावर मी विजयी वीरासारखा दम टाकला. "बघितलंस? सोडलं की न्हाई?"

"व्हय," मिस्त्री म्हणाला. "तुमच्या नावानं सोडलं. माझ्या एकट्याच्या नावाला काय झालं असतं?"

मी काहीतरी गमतीचं बोलायला तोंड उघडलं आणि, जन्मात पहिल्यांदा, मिटलं. मग आम्ही रस्त्याच्या कडेला बसलो आणि तिघांच्या गाठी एकदम सोडल्या. मिस्त्रीच्या हातांच्या मी सोडल्या. वेळ लागला, गावकऱ्यांनी फार घट्ट बांधल्या होत्या.

ढाका पडलं. पेढे वाटले. डेपोत त्यानं किती हसून पेढा खाल्ला ते मी विचारलं नाही. ऑर्डर आली, आईनं शेजारपाजारी साखर वाटली. तळवा भरायला महिना लागला, आणि त्या महिन्यात तो एकाही रविवारी आला नाही. मी धरून चाललो की संपलं.

फेब्रुवारीत एका रविवारी तो दोर तपासत डेपोबाहेर उभा होता. डोंगरात गेल्यावर दोर मास्तरच्या हातात दिला, पाण्याची बाटली माझ्या. "तू हे धर," तो म्हणाला. "हे सुटलं तरी कुणी मरत न्हाई."

आणि तो मामलेदाराच्या उजवीकडे लागला. जिथं मास्तर घसरला होता तिथं थांबला, नवं कातडं आलेला तळवा चड्डीला पुसला, आणि भेगेत घातला. मी बोललो नाही, हात हलवले नाहीत, बाटली पोटाशी धरून उभा राहिलो. तो माथ्यावर पोचला. आम्ही नावाची वाट बघत राहिलो. वरून काहीच आलं नाही. नुसता उभा होता, पलीकडल्या गावाकडे बघत.

खाली आल्यावर मला राहवलं नाही. राहवलं असतं तर मी मी नसतो. "अरे, रिवाज हाय ना आपला. नाव काय ठेवलंस?"

त्यानं गाठीवर हात ठेवला, पण सोडली नाही. माझ्याकडे बघितलं.

"तू बी नावच विचारून राहिला, बाबू?"