फरीदचा उपडा ग्लास

फरीदच्या मुलीचा मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. ‘अंकल, डॅड इज गॉन. हार्ट अटॅक.’ पहिला विचार आला तो हा, की आता माफी कुणाची मागू?

फरीद काबूलचा, पण कॉलेज पुण्यातलं. आमची ओळख इथे परदेशात, वेंटवर्थव्हिलच्या भारतीय किराणा दुकानात झाली. मी पोह्यांचं पाकीट उचललं, तर मागून एक गोरापान दाढीवाला म्हणाला, “ते नको घेऊस, पातळ आहेत. चिवड्याचे.” मी चाटच पडलो. तेव्हापासून दहा वर्षं दर शनिवारी चहा, कधी त्याच्याकडे, कधी गिरावीनला माझ्याकडे. पहिल्यांदा गेलो तेव्हा वेलदोड्याचा हिरवा चहा सात ग्लास प्यालो. संपला की हा भरतोय! शेवटी हसत म्हणाला, “अरे वेड्या, पुरे झालं की ग्लास उपडा ठेवायचा. तोवर आम्ही ओतत राहतो.”

चहाबरोबर राजकारण आलंच. मी आपला सुरू... आम्ही तुम्हाला रस्ते दिले, धरण दिलं, पाकिस्तानने काय दिलं? इराणला काय हवंय, चीन कशाला घुसतोय? तो ऐकून घ्यायचा. एकदाच म्हणाला, “तुम्ही सगळे आमच्या अंगणात खेळायला येता रे. काचा आमच्या फुटतात.” तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. पण माझी मेली जीभ थांबते कुठली.

मध्यंतरी तिकडे त्यांच्या आणि पाकिस्तानच्या सरहद्दीवर पुन्हा भडका उडाला. शनिवारी तो आला आणि मी दारातच म्हटलं, “बरं झालं. आता तुमचे लोक त्यांची चांगली जिरवतील.” मॅच बघत असल्यासारखा खूश होतो मी. तो बसला. चहा हातात घेत म्हणाला, “माझी बहीण तिथेच राहते. चार दिवस फोन लागत नाहीये.” चहा संपवला, ग्लास उपडा ठेवला आणि निघाला. पहिलाच ग्लास होता.

दुसऱ्या दिवशी फोन करायला हवा होता. लाजेने केला नाही. बहीण सुखरूप असल्याचं त्याच्या मुलीकडून कळलं, तेव्हा वाटलं, येईल की शनिवारी. असे पाच शनिवार गेले, आणि मग तो मेसेज.

परवा फरीदच्या बायकोला, भाभींना भेटायला गेलो. त्यांनी चहा ओतला. संपला, पुन्हा ओतला... पाचव्या वेळी त्यांनी किटली दोन्ही हातांनी उचलली. मुलगी हळूच म्हणाली, “अंकल, यू कॅन टर्न इट ओव्हर.”

ते मला ठाऊक होतं. पण उपडा करवेना. मी ग्लास पुन्हा पुढे केला.